आधी वही, मग कार्ड
(प्रस्तावना)

या पुस्तकाचं हस्तलिखित हातात आलं तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. बँकेत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड आहे. कागद कुठलाही असो, आधी मागची बाजू बघायची, जिथे बारीक टाइप असतो. शेवटी 'सर्वोत्तम दहा कार्डं' अशी एखादी यादी असणार हे मी धरूनच चाललो होतो. ती नव्हती. तिथे एक कोरा तक्ता होता. डावीकडे किराणा, भाडं, शाळा, पेट्रोल अशी खाती एकाखाली एक, आणि वर चैत्रापासून नव्हे, एप्रिलपासून मार्चपर्यंतचे बारा महिने. खाली एवढंच लिहिलेलं: 'हा भरल्याशिवाय कार्डाचा अर्ज भरू नये.' लेखिका माझ्या जुन्या सहकारी. पाच वर्षं आम्ही नाशिकच्या एका शाखेत शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. त्यांनी फोनवर 'सर, चार ओळी लिहा' एवढंच म्हटलं होतं. तो तक्ता पाहून चार ओळींत भागणार नाही हे माझ्या लक्षात आलं.

यादी नसल्याचा आनंद मला अशासाठी झाला, की कार्डांच्या याद्या दुधासारख्या असतात. सकाळी आणलेलं रात्री नासतं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बँकांनी काय काय केलं ते आठवून पाहा. विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट इडली खायची तर आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च झालेला हवा, अशी अट आली. कार्डावरून घरभाडं भरायला शुल्क लागलं. विजेच्या बिलावरचे पॉइंट कुणी कमी केले, कुणी बंद केले. ज्याने यादी वाचून कार्ड घेतलं त्याच्या हातात वर्षभराने वेगळंच कार्ड होतं, फक्त वरचा रंग तोच. तुमचा खर्च मात्र इतका भराभर बदलत नाही. मूल सातवीतून आठवीत जातं, फी थोडी वाढते, पण किराणा तो किराणाच राहतो. म्हणून पारख सुरू करायची ती खर्चापासून.

मी १९८४ साली बँकेत चिकटलो तेव्हा क्रेडिट कार्ड ही ऐकीव गोष्ट होती. डायनर्स क्लबचं कार्ड साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच भारतात आलं होतं, पण ते बड्या साहेबांच्या पाकिटात. भारतीय बँकेने स्वतः काढलेलं पहिलं कार्ड सेंट्रल बँकेचं, १९८० साली आलेलं. दुकानात कार्ड दिलं की दुकानदार ते एका लोखंडी यंत्रात ठेवायचा, वर तीन प्रतींची कार्बनची पावती आणि खटका खर्रकन ओढायचा; कार्डावरचे उठावदार आकडे कागदावर उमटायचे. त्याआधी तो एका पुस्तिकेत हरवलेल्या आणि बुडीत कार्डांचे नंबर शोधून पाहायचा. पॉइंट वगैरे भानगड तेव्हा आपल्याकडे फारशी नव्हती. कार्ड असणं हेच बक्षीस होतं. १९९८ मध्ये स्टेट बँकेने कार्डाची वेगळी कंपनी सुरू केली, खासगी आणि परदेशी बँका आधीपासून होत्याच, आणि बघता बघता मॉलच्या दारात, रेल्वे स्टेशनच्या पुलावर टाय बांधलेली पोरं अर्ज घेऊन उभी राहिली. एवढ्या सगळ्यांनी एकच वस्तू विकायची तर काहीतरी वर द्यायला हवं. भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकते, तसे यांनी पॉइंट टाकले.

ही कोथिंबीर येते कुठून, हे लेखिकेने दुसऱ्या प्रकरणात सांगितलं आहे आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग तो आहे. दुकानदार शंभर रुपयांचं बिल कार्डावर घेतो तेव्हा त्याच्या खात्यात शंभर जमा होत नाहीत. अठ्ठ्याण्णवच्या आसपास होतात. मधले दीड-दोन रुपये म्हणजे एमडीआर. त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेचा, काही भाग दुकानात यंत्र बसवणाऱ्या बँकेचा आणि चिमूटभर व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचा. तुम्हाला मिळणारा रुपया याच दीड-दोन रुपयांतून निघतो. बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर काही मिळत नाही, कारण जानेवारी २०२० पासून त्यावर एमडीआर शून्य आहे; जिथे कापणी नाही तिथे वाटणी कसली? लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात 'कार्ड असेल तर दोन टक्के वर पडतील' असं गल्ल्यावरचे काका हळूच सांगतात, त्याचं मूळही इथेच. तसे वरचे पैसे घेणं नियमात बसत नाही, पण काका सांगतात आणि आपण खिशातून नोटा काढतो. दोन टक्के वर देऊन एक टक्का परत मिळवणारेही मी पाहिले आहेत. सुशिक्षित माणसं.

आता तो तक्ता भरल्यावर काय दिसतं ते पाहू. लेखिकेने डोंबिवलीच्या एका कुटुंबाचा नमुना घेतला आहे, दोघं नोकरी करणारी, एक मूल, महिन्याचा खर्च ६४,५०० रुपये. घरभाडं १८,०००. शाळा ५,५००. भाजी, दूध, इस्त्री, रिक्षा, कामाच्या मावशी मिळून ९,०००. पेट्रोल ३,०००. वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट ४,५००. विम्याचे हप्ते महिन्यावर विभागले तर ३,५००. लोकलचे पास आणि इतर प्रवास १,५००. उरला मॉलमधला किराणा ७,५००, ऑनलाइन खरेदी ६,०००, हॉटेल आणि घरपोच मागवलेलं जेवण ३,५००, औषधं २,५००. या शेवटच्या चार खात्यांची बेरीज १९,५००.

हा आकडा नीट बघा. साडेचौसष्ट हजारांपैकी फक्त साडेएकोणीस हजारांवर बहुतेक कार्डं विनाअट पॉइंट देतात. बाकीच्यांचं काय होतं? घरमालक पैसे थेट खात्यात मागतो. मावशींना कार्ड चालत नाही. पेट्रोलवर पॉइंट सहसा नसतात, वरचा एक टक्का अधिभार माफ होतो एवढंच, तोही ठरावीक रकमेच्या पावतीवर. वीज, विमा, शाळेची फी यांवर एकेका बँकेचा एकेक नियम, कुठे मर्यादा, कुठे सरळ नकार. म्हणजे मध्यमवर्गीय मराठी घरातला मोठा खर्च नेमका तोच असतो जो कार्डाला नको असतो. जाहिरातीतलं जोडपं सतत विमानात बसतं, जॅकेट घेतं आणि समुद्रकिनाऱ्यावर जेवतं. त्याच्या घरी गॅस सिलिंडर येत नाही.

या कुटुंबाने सरसकट एक टक्का परत देणारं कार्ड घेतलं तर वर्षाला २,३४० रुपये येतात. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के आणि बाकीवर एक टक्का देणारं घेतलं तर महिन्याला ४३५, म्हणजे वर्षाला ५,२२०. त्यातून पाचशे रुपये फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ५९० गेले की ४,६३० उरतात. आता त्यांच्या ऑफिसात येऊन कुणीतरी काळ्या रंगाचं, धातूसारखं चमकणारं कार्ड गळ्यात मारलं असं समजा. फी ५,०००, जीएसटी धरून ५,९००. दर १५० रुपयांना ४ पॉइंट. ऐकायला भरघोस. पण पॉइंटची किंमत २५ पैसे असली तर महिन्याला ५२० पॉइंट म्हणजे १३० रुपये, वर्षाचे १,५६०. चार हजार तीनशे चाळीस रुपये घरातून गेले आणि त्या बदल्यात पाकीट उघडताना समोरच्याची नजर क्षणभर थबकली. ज्याला ती नजर हवी आहे त्याने जरूर घ्यावं. पण त्याला रिवॉर्ड म्हणू नये, हौस म्हणावं. हौसेला मोल नसतं, हे मीही मानतो.

म्हणून 'किती पॉइंट?' हा प्रश्नच अपुरा आहे. एका पॉइंटचे पैसे किती, ते कशासाठी वापरले तर तेवढे मिळतात, आणि किती दिवसांत वापरायचे, हे तीन आकडे हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटाला एक भाव देतो, बिलात वळता करून घेतला तर दुसरा, आणि कॅटलॉगमधला टोस्टर घेतला तर सगळ्यात वाईट.

एक गंमत या पुस्तकात मला नव्यानेच कळली, बँकेत आयुष्य घालवूनही. प्रत्येक दुकानाच्या यंत्रामागे चार आकडी संकेतांक असतो. सुपरमार्केट ५४११, पेट्रोल पंप ५५४१, उपाहारगृह ५८१२, औषधांचं दुकान ५९१२, सराफ ५९४४. तुम्ही काय खाल्लं याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं, दुकानाची नोंद कोणत्या आकड्याखाली आहे एवढंच ती बघते. मिठाईच्या दुकानात मागे चार टेबलं टाकलेली असतात, तिथे आपण दोन मिसळ, एक साबुदाणा वडा आणि शेवटी खरवस मागवतो. पोटाच्या लेखी ते जेवण. पण दुकान ५४४१ खाली, म्हणजे मिठाईवाल्यांत नोंदलेलं असेल तर 'बाहेरच्या जेवणावर दसपट पॉइंट' देणारं कार्ड तिथे एकपटच देतं. यावर वाद घालून उपयोग नाही. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट आलं की आपल्या नेहमीच्या पाच-सहा दुकानांपुढे पेन्सिलीने खूण करावी, कुठे किती पॉइंट पडले ते बघावं. कंटाळवाणं काम आहे खरं, पण एकदाच करायचं असतं.

रुपेचं क्रेडिट कार्ड सप्टेंबर २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे क्यूआर कोड स्कॅन करूनही कार्डावर खर्च टाकता येतो. वाण्याकडचा, डेअरीतला खर्च यात येऊ शकेल. मात्र हे फक्त व्यापाऱ्यांच्या कोडवर चालतं. मावशींच्या किंवा घरमालकाच्या वैयक्तिक नंबरावर नाही. आणि छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर माफ असल्यामुळे तिथे पॉइंटही हात आखडून मिळतात किंवा मिळतच नाहीत. परदेशी खर्चाचं प्रकरण लेखिकेने दोन पानांत उरकलं आहे आणि ते बरोबरच आहे. लेक न्यू जर्सीला असेल आणि तिकडे कार्ड घासणार असाल तर पॉइंट विसरा, आधी विनिमयावरची आकारणी बघा. साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी म्हणजे ४.१३ टक्के. त्यापुढे एक टक्का पॉइंट म्हणजे दर्यात खसखस.

आता माझी स्वतःची फजिती. माझ्याकडे एका बँकेचं कार्ड होतं, ज्याची हजार रुपये फी वर्षात ठरावीक खर्च झाला तर माफ व्हायची. मार्चच्या वीस तारखेला मी हिशेब केला. आठ हजार कमी पडत होते. अकराशे ऐंशी रुपये वाचवण्यासाठी मी बाजारात गेलो आणि आठ हजार दोनशेची चाकांची बॅग घेऊन आलो. आम्ही दोघं वर्षातून एकदा कोकणात जातो, तेही एसटीने, कापडी पिशव्या घेऊन. ती बॅग कपाटावर आहे. हँडलवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. बायको काही बोलली नाही. पाहुणे आले की मात्र 'ह्यांनी फुकटात मिळवलेली बॅग' म्हणून ती दाखवते.

मी वेंधळा होतो असं म्हणून सुटका करून घेता आली असती, पण या वेंधळेपणावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली घेतल्या. निम्म्यांना पैसे रोख द्यायचे होते, निम्म्यांना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. हा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. शंभराची नोट हातातून जाताना जी कळ लागते ती कार्ड घासताना लागत नाही, हे आपल्या आज्यांना निबंधाशिवाय ठाऊक होतं. म्हणून त्या पैसे रुमालाच्या गाठीत ठेवायच्या, सोडायला वेळ लागावा म्हणून. एक टक्का मिळवण्याच्या नादात खर्च पाच टक्क्यांनी वाढला, तर हिशेब कुणाच्या बाजूने पडला ते उघड आहे. लेखिकेचा तक्ता म्हणूनच कार्ड घेण्याआधीच्या वर्षाचा आहे. कार्ड आल्यानंतरच्या वर्षाचा तसाच दुसरा भरावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत, ही सूचना मी त्यांना केली होती. दुसऱ्या आवृत्तीत बघू म्हणाल्या.

बँकेच्या भाषेत ग्राहक दोन जातींचे. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा तो ट्रान्झॅक्टर, आणि थोडं भरून बाकी पुढे ढकलणारा तो रिव्हॉल्वर. दुसऱ्याचं नाव अगदी शोभतं, कारण ते त्याच्याच कानशिलावर टेकवलेलं असतं. वरच्या डोंबिवलीकरांनी एखाद्या महिन्यात १९,५०० च्या बिलापैकी किमान रक्कम म्हणून पाच टक्के, ९७५ रुपये भरले, तर बाकीच्या १८,५२५ वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६४८ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७६५. शिवाय मागचं पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा घेतल्या दिवसापासून व्याज. वर्षभर मिळवलेले ४,६३० उडायला सहा महिनेही लागत नाहीत. साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं; तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा वरून कुणी छत्री धरील या भरवशावर राहू नये. ज्याच्या घरी बिल एकदा तरी अर्धवट भरलं गेलं आहे त्याने हे पुस्तक मिटून ठेवावं आणि आधी बाकी फेडावी. लेखिकेने हे जरा मवाळ शब्दांत, सातव्या प्रकरणात सांगितलं आहे. मी त्यांच्या जागी असतो तर पहिल्या पानावर टाकलं असतं.

आणखी एका मुद्द्यावर आमचं जमत नाही. लेखिका एका घरात तीन कार्डं सुचवतात: एक ऑनलाइनसाठी, एक किराण्यासाठी, एक प्रवासासाठी. हिशेबाने त्यांचं बरोबर आहे, दोन-अडीच हजार जास्त सुटतात. पण तीन कार्डं म्हणजे तीन बिलांच्या तारखा, तीन शेवटच्या तारखा, तीन प्रकारचे पॉइंट आणि त्यांच्या तीन मुदती. घरात हे सांभाळणारं माणूस एकच असतं, आणि त्या बिचाऱ्या माणसाला बाकीचीही कामं असतात. एका बिलाचा उशीर झाला की वाढीव सुटलेलं सगळं दंडात जातं. माझं मत दोनाच्या वर जाऊ नये, तीही दोन्ही बिलं पगारानंतरच्या आठवड्यात भरायची येतील अशा बेताने. बिलाची तारीख बदलून मागता येते, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत २०२२ पासून ती सोय आहे. फारसं कुणी मागत नाही.

त्याच निर्देशांत कार्ड बंद करण्याबद्दलही लिहिलं आहे. बाकी काही नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे. बॅगेच्या प्रकरणानंतर मी ते कार्ड बंद करायला फोन केला. समोरच्या मुलीने आधी फी निम्मी करून दिली, मग पूर्ण माफ केली, मग वरच्या दर्जाचं कार्ड देऊ केलं. मी सात दिवसांचा नियम सांगितला. ती थोडा वेळ गप्प झाली, मागे कीबोर्डाची टकटक ऐकू आली, आणि मग फार आस्थेने म्हणाली, "सर, तुमचे ३१२ पॉइंट शिल्लक आहेत. ते वाया जातील. ते वापरून मग बंद करता का?" मी पेन्सिल घेतली. ३१२ पॉइंटांचे होत होते अठ्ठ्याहत्तर रुपये. ते वापरण्याची फी होती नव्याण्णव, अधिक जीएसटी.